स्वतंत्र नमुना-तपासणी (खनिज शोध)

खनिजाच्या शोधात काढलेले खडकाचे नमुने, निकालात आर्थिक हितसंबंध नसलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली गोळा करून वेगळ्या प्रयोगशाळेत तपासण्याची पद्धत. जमिनीखालचा साठा डोळ्यांना दिसत नाही. सरकार आणि गुंतवणूकदार दोघेही नमुन्यांच्या आकड्यांवरच विसंबतात.

या पद्धतीची गरज जगाला पटली ती इंडोनेशियातील बुसांग प्रकरणामुळे. ब्री-एक्स या कॅनडातील कंपनीने १९९७ च्या सुरुवातीला तेथे सुमारे ७ कोटी औंस सोने असल्याचे जाहीर केले. मार्चमध्ये फ्रीपोर्ट-मॅकमोरान कंपनीने ब्री-एक्सच्या बोअरांशेजारी स्वतःची बोअर घेतली; सोने नगण्य निघाले. त्याच महिन्यात प्रकल्पाचे भूवैज्ञानिक मायकेल डी गुझमन हेलिकॉप्टरमधून पडून मरण पावले. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या सल्लागार कंपनीने नमुन्यांत भेसळ झाल्याचा निर्वाळा दिला. नमुन्यांच्या भुग्यातले सोन्याचे कण नदीत वाहून आल्यासारखे गोलसर होते. प्रयोगशाळेने मोजमाप बरोबरच केले होते, पण तिच्याकडे आलेला मालच खोटा होता. शिवाय बोअरमधून निघालेला दगडाचा गाभा उभा चिरून अर्धा जपण्याऐवजी जवळजवळ सगळाच कुटून टाकल्याने फेरतपासणीला फारसे काही उरले नव्हते. म्हणून प्रयोगशाळा कितीही नामांकित असो, तपासणीची खरी सुरुवात बोअरच्या तोंडाशी व्हायला हवी.

प्रत्यक्षात अर्धा गाभा पेटीत राखतात, पिशव्या मोहोरबंद करतात आणि नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद ठेवतात. धातू नसलेले कोरे नमुने, ज्ञात प्रमाणाचे प्रमाणित नमुने आणि त्याच दगडाचे दुसरे भाग प्रयोगशाळेला न सांगता मध्ये मिसळले जातात. काही भुगा दुसऱ्या प्रयोगशाळेकडे जातो. सोने खडकात विखरून असल्याने दोन प्रामाणिक निकालही जुळतीलच असे नाही. एका तफावतीवरून कोणावर ठपका ठेवणे अन्यायाचे ठरते.

भारतात २०१५ पासून प्रमुख खनिजांचे पट्टे लिलावाने दिले जातात आणि बोली लावणाऱ्याचा हिशेब अशा नमुन्यांवर आधारलेल्या भूवैज्ञानिक अहवालावर बेतलेला असतो. या क्षेत्रातील सरकारी संस्थांपैकी भारतीय खाण ब्यूरो, मिनरल एक्सप्लोरेशन अँड कन्सल्टन्सी लिमिटेड आणि महाराष्ट्राचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय यांची मुख्यालये नागपुरात आहेत.

महाराष्ट्रातलाच हिंगोली जिल्हा मुख्यतः दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. येथील नेहमीचे उत्खनन दगड, मुरूम आणि वाळूचे. नागपूर-भंडारा भागातील सोन्याच्या खुणा बेसाल्टहून फार जुन्या खडकांत आहेत. बेसाल्टच्या पोकळ्यांत चमकणारे गारगोटी, कॅल्साइट किंवा झिओलाइटचे स्फटिक दाखवून कोणी औंढा नागनाथ वा सेनगावच्या शेतकऱ्याला सोन्याची आशा लावली, तर त्या माणसाने आणलेल्या कागदावर भरवसा न ठेवता शेतकऱ्याने शेतातला दगड साक्षीदारांसमोर फोडून घ्यावा, मोहोर लावावी आणि तपासणीचे पैसेही स्वतःच भरावेत.