हजीऱ्याच्या परसातील डॅफोडिल

सुरतेचे नाव निघताच मराठी मनाला १६६४ सालची शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. त्या सुरतेच्या पश्चिमेस, तापी नदी समुद्राला मिळते तेथे, हजीरा वसले आहे. जवळच सुवालीचा किनारा आहे. या किनाऱ्यापुढे १६१२ च्या नोव्हेंबरात इंग्रजांच्या गलबतांनी पोर्तुगीज आरमारास मागे हटविले. पुढच्याच वर्षी जहांगीर बादशहाच्या फर्मानाने सुरतेस इंग्रजांची वखार कायम झाली. व्यापारामागून राज्य आले आणि राज्यामागून इंग्रजी क्रमिक पुस्तके आली.

त्या पुस्तकांतून डॅफोडिल आपल्या घरी आले, पण केवळ शब्दरूपाने. वर्डस्वर्थची १८०७ साली प्रसिद्ध झालेली कविता पिढ्यान्पिढ्या मुलांनी घोकली; फूल मात्र बहुतेकांनी पाहिले नाही. पिवळे फूल म्हणताच कोणाच्या डोळ्यांपुढे झेंडू येई, तर कोणाच्या शेवंती.

परसात डॅफोडिल लावावे म्हटले तरी ते येथे टिकत नाही. त्याच्या कांद्यात कळी उन्हाळ्यातच तयार होते. परंतु दांडा वर येण्यास सुमारे बारा ते सोळा आठवडे कडक थंडी लागते. हजीऱ्याचा हिवाळा तेवढा गार नसतो. थंडी देऊन आणलेला कांदा कुंडीत एकदा फुलेलही. पण पुढे पाने येतात, फूल येत नाही, आणि पावसाळ्यात कांदा कुजतो.

याउलट निशिगंधाची कथा पाहावी. तोही परदेशचाच कंद. त्याचे मूळ मेक्सिकोत. तेथील अ‍ॅझ्टेक लोक त्याला 'हाडाचे फूल' म्हणत. युरोपीय दर्यावर्दींच्या काळात तो समुद्रमार्गाने पूर्वेकडे आला. त्याला येथील ऊन मानवले. लोकांनी त्याला निशिगंध, रजनीगंधा, गुलछडी अशी नावे दिली, वेणीत आणि हारात गुंफले. त्यासाठी कोणालाही कविता पाठ करावी लागली नाही.

हजीऱ्याच्या परसात, जेथे माती खारट नाही आणि पाणी साचत नाही, तेथे शेणखत घालून वैशाखात निशिगंधाचे कंद लावावेत. डॅफोडिलची कविता मुलांनी अवश्य वाचावी, तिचा आनंद घ्यावा. परंतु संध्याकाळी दारातल्या निशिगंधाचा वास येईल तेव्हा पुस्तक मिटून क्षणभर अंगणातही यावे. पुस्तकातील फुलाला सौंदर्य मानताना दारचे फूल नजरेआड झाले, तर ते शिक्षण अपुरेच म्हणावे लागेल.