आधी शिवा, मग कापा

शिवण शिकायला बसलेल्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी एक क्रम सांगितला जातो: आधी बेत, मग काप, मग शीव. कापड बेतल्याशिवाय कात्री लावायची नाही आणि कापल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. हा क्रम इतका अंगवळणी पडलेला असतो की तो बदलता येईल असं कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेत क्विल्ट, म्हणजे तुकडे जोडून केलेली थरांची पांघरुणं, शिवणाऱ्यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी तो बदलला, तोही एका इवल्याशा त्रिकोणासाठी.

चौकोन कर्णावर कापला की दोन त्रिकोण होतात. एक फिका आणि एक गडद त्रिकोण लांब बाजूला जोडला की पुन्हा चौकोन होतो, अर्धा उजेडाचा, अर्धा सावलीचा. याला म्हणतात हाफ-स्क्वेअर ट्रँगल. आपण त्याला अर्धचौरस म्हणू. असे चार अर्धचौरस एका दिशेने फिरवून जोडले की पिनव्हील, म्हणजे आपलं भिरभिरं. तेच चार वेगळ्या दिशांनी लावले की ‘ब्रोकन डिशेस’, फुटक्या बश्या. सोळा अर्धचौरस चार मोठ्या चौकोनांच्या कडांना नखांसारखे लावले की ‘बेअर्स पॉ’, अस्वलाचा पंजा. समुद्राच्या लाटा, आकाशातले पक्षी, वॉल्टर स्कॉटच्या १८१० सालच्या काव्याचं नाव घेतलेली ‘लेडी ऑफ द लेक’, या सगळ्या नमुन्यांत हाच अर्धचौरस पुन्हा पुन्हा येतो. नमुना एक असला तरी अर्धचौरस शेकड्यांनी लागतात, आणि अडचण तिथेच सुरू होते.

अडचण कापडाच्या विणीत आहे. कापड उभ्या धाग्यावर ओढा, ते फारसं हलत नाही. आडव्या धाग्यावर ओढा, थोडं हलतं. कोपऱ्यातून कोपऱ्याकडे ओढा, म्हणजे उरेब ओढा, की रबरासारखं लांबतं. गळपट्टीसाठी, पायपिंगसाठी आपण मुद्दाम उरेब पट्टी कापतो ती याच गुणासाठी. अर्धचौरसात मात्र नेमकी जोडायची बाजू उरेब येते. त्रिकोण सुटा कापला की ती कड मोकळी होते. मग नुसतं उचलताना, इस्त्री करताना, टाचणी लावताना ती ताणली जाते.

मी पहिल्यांदा तुकड्यांचं दुपटं शिवलं तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं. पिवळ्या आणि निळ्या टू बाय टू कापडाचे त्रिकोण हौसेने कापून दोन गठ्ठे करून ठेवले. मशीनवर घेतले तेव्हा खालचे दाते एक थर ओढत होते आणि वरचा थर मागे राहत होता. जोडलेला चौकोन उघडला तर मधली शिवण लाटेसारखी वर आलेली, चौकोनाचा पतंग झालेला. पुढे ओळी जोडताना त्रिकोणांची टोकं शेजारच्या शिवणीखाली गेली आणि भिरभिऱ्यांची पाती बोथट झाली. कापलं बरोबर होतं, शिवलंही सरळ होतं. चुकला होता तो क्रम.

जुन्या लोकांना ही अडचण ठाऊक होती आणि त्यांनी तिला आपापल्या परीने वेसण घातली होती. इंग्लंडमध्ये ज्यावर साल घातलेलं आहे असं पॅचवर्कचं, म्हणजे तुकडे जोडण्याचं, सर्वांत जुनं ज्ञात काम १७१८ चं आहे. रेशमी तुकड्यांचं ते पांघरूण आता तिथल्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात आहे. त्यातला प्रत्येक तुकडा कागदाच्या आकारावर दुमडून कच्च्या टाक्याने बसवला आणि मग कडेला कड लावून बारीक टाक्यांनी जोडला. ते कागद अजूनही आत आहेत. कागद ताणत नाही, म्हणून त्यावर बसवलेलं उरेबही ताणत नाही. ही पद्धत अचूक आहे, पण तिला दर तुकड्यामागे एक कागद लागतो, एक दुमड लागते आणि दोनदा शिवावं लागतं.

अमेरिकेत बहुतेक बायकांनी कागद सोडला. पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा आकार ठेवायचा, पेन्सिलीने शिवणीची रेघ आखायची, माया सोडून कापायचं आणि त्या रेघेवर हाताने धावदोरा घालायचा. हाताच्या टाक्यात एक सोय असते. कापड जरा लांबलं तर बोटांना कळतं, आणि दोन टाक्यांत ते जिरवून टाकता येतं. व्हर्माँटच्या जेन स्टिकल हिने यादवी युद्धाच्या काळात, १८६३ मध्ये पुरा केलेला क्विल्ट बेनिंग्टन संग्रहालयात आहे. त्याच्या कोपऱ्यात तिने युद्धकाळाची नोंद, साल, आपलं नाव आणि तुकड्यांची संख्या शिवून ठेवली आहे: ५६०२. प्रत्येक तुकडा मोजणारी बाई प्रत्येक तुकड्यावर किती वेळ घालवत असेल, हे त्या आकड्यावरूनच कळतं.

तोवर शिलाई मशीन आलेलं होतं. एलियस हाउचं पेटंट १८४६ चं, आयझॅक सिंगरचं १८५१ चं. घराघरांत मशीन पोचलं, कपडे त्यावर शिवले जाऊ लागले, पण त्रिकोणांची पद्धत हातशिलाईची होती तशीच राहिली: सुटे कापा, मग जोडा. मशीनला बोटांसारखं कापड जिरवता येत नाही. म्हणून त्रिकोण अवघड हे मत पक्कं झालं, आणि मशीनवर केलेला क्विल्ट म्हणजे कमअस्सल, हा समजही त्याच्याबरोबर राहिला.

हा समज ज्यांनी मानला नाही त्यांत नेब्रास्कातल्या डेव्हिड सिटीजवळचा एक शेतकरी होता, अर्नेस्ट हेट. त्याचं शिक्षण कृषी अभियांत्रिकीचं. १९३० च्या दशकात पत्नीच्या क्विल्टमधल्या जोडांच्या अचूकपणावर त्याने बोट ठेवलं, आणि तिने मग तूच करून दाखव म्हणून आव्हान दिलं. त्याने ते घेतलं आणि पुढे जवळजवळ अर्धं शतक तो क्विल्ट शिवत राहिला. अभियंत्याच्या डोळ्याने त्याने पाहिलं की एकाच मापाचे शेकडो भाग हवे असतील तर ते एकेक करून बनवायचे नसतात. काटकोन त्रिकोण मशीनवर झटपट जोडायच्या आणि मशीननेच क्विल्टिंग करायच्या त्याच्या युक्त्या त्याने १९७४ मध्ये एका छोट्या पुस्तिकेत मांडल्या. पुस्तिका गृहिणींसाठी होती. त्याचे क्विल्ट आज लिंकन शहरातल्या इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियममध्ये आहेत.

दुसरं नाव बार्बरा जोहाना हिचं, आणि अर्धचौरसाच्या बाबतीत मी ते सर्वांत मोठं मानते. तिच्या पुस्तकासाठी काळ अनुकूल होता. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुने क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर टांगले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं होत होती आणि आजीच्या पेटाऱ्यातल्या वस्तू पुन्हा बाहेर येत होत्या. क्विल्ट शिवायची हौस हजारोंना होती, पण त्यांतल्या कितीतरी जणी नोकरी करणाऱ्या होत्या, आणि आजीकडे होता तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता. त्याच वर्षी जोहानाचं ‘क्विक क्विल्टिंग’ हे पुस्तक आलं. शनिवार-रविवारात क्विल्ट शिवा, असं त्याचं उपशीर्षकच सांगत होतं. १९८७ मध्ये तिने एक अख्खं पुस्तक फक्त अर्धचौरसावर लिहिलं.

तिची पद्धत अशी. फिकं आणि गडद कापड सुलट बाजू आत ठेवून एकावर एक अंथरायचं. वरच्या कापडाच्या उलट बाजूवर चौकोनांची जाळी आखायची. प्रत्येक घरात एक कर्ण आखायचा, शेजारच्या घरात उलट्या दिशेने, म्हणजे रेघ न तुटता नागमोडी पुढे जाते. मग प्रत्येक कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारायची. हे सगळं होईपर्यंत कात्री बाजूलाच. शेवटी जाळीच्या रेघांवर कापायचं आणि मग कर्णांवर. चार बाय सहाची जाळी असेल तर २४ घरं, आणि हातात येतात ४८ तयार अर्धचौरस.

इथे त्रिकोण म्हणून सुटा तुकडा कधी अस्तित्वातच येत नाही. उरेब कड मोकळी होते ती शिवून झाल्यावर, आणि तोवर टिपेने तिला धरलेलं असतं. इंग्लंडमध्ये कागद जे काम करत होता, ते इथे न कापलेलं कापड स्वतःच करतं. वेळ वाचला हे खरं, पण मला या युक्तीचं मोल जास्त वाटतं ते अचूकपणासाठी. नवशिकीच्या हातूनही टोकदार त्रिकोण उतरू लागले. अनुभवी बोटांना जे वर्षानुवर्षांनी कळायचं, ते जोहानाने क्रमात बसवून दिलं.

मापाचं एक कोडंही याच कामात आहे. शिवून झाल्यावर ३ इंचांचा अर्धचौरस हवा असेल तर चौकोन ३ इंच ७ सूत कापायचा, असं प्रत्येक पुस्तक सांगतं. सूत म्हणजे सुतार-गवंड्यांचा इंचाचा आठवा भाग. बाकी सगळीकडे पाव इंच माया दोन्ही बाजूंना, म्हणजे एकूण अर्धा इंच पुरतो. इथे जास्तीचे तीन सूत कशाला? त्रिकोणाच्या काटकोनाकडे माया पाव इंचच लागते. निमुळत्या टोकाकडे मात्र तिरक्या बाजूची माया बाहेर काढली की टोक पुढे सरकतं, सुमारे ०.६० इंच. दोन्ही मिळून ०.८५. पट्टीवरची त्याच्या जवळची मोठी रेघ सात सुतांची, म्हणजे ०.८७५. उरलेला केसभर फरक इस्त्रीनंतर छाटून टाकता येतो. म्हणूनच अनेक जणी सरळ ४ इंचांचे चौकोन घेतात आणि शेवटी साडेतीन इंचांवर छाटतात. कापड थोडं वाया जातं, माप चुकत नाही.

छाटणं सोपं झालं ते जपानमुळे. ओसाकाच्या योशिओ ओकादाने १९५६ मध्ये पातं तोडून नवं टोक काढता येणारी सुरी बनवली होती. त्याच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये गोल पात्याचा रोटरी कटर आणला. तो कपडे शिवणाऱ्यांसाठी होता, पण क्विल्टवाल्यांनी उचलून धरला. खाली चटई, वर पारदर्शक पट्टी आणि फिरणारं पातं, एवढ्यात चार थर एका ओढीत कापले जाऊ लागले.

जोहानाच्या जाळीची पुढे बरीच पिल्लं झाली. दोनच चौकोन एकावर एक ठेवून कर्णाच्या दोन्ही बाजूंना टीप मारली की दोन अर्धचौरस मिळतात. ही जाळी एका घराची. ‘मॅजिक एट’ नावाने जी पद्धत गाजते तीत दोन्ही कर्ण आखून एका जोडीतून आठ निघतात. ती चार घरांची जाळी आहे. म्हणून तिचं मापही दुप्पट: ३ इंच ७ सुतांच्या जागी पावणेआठ इंच. आणखी एक पद्धत आहे. दोन चौकोन चारही कडांनी शिवायचे आणि मग दोन्ही कर्णांवर कापायचं. चार अर्धचौरस क्षणात मिळतात, पण त्यांच्या बाहेरच्या चारही कडा उरेब होतात, आणि पुढच्या प्रत्येक जोडात पुन्हा तेच ताणणं. ज्या दुखण्यावर हा सगळा इलाज निघाला, ते दुखणं इथे मागच्या दाराने परत येतं. ही पद्धत मी कोणाला शिकवत नाही.

आपल्या गोधडीला हा प्रश्न पडला नाही, कारण तिची बांधणीच निराळी. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, वर तुकडे मांडायचे, कडा दुमडत सगळ्या थरांतून धावदोरा घालायचा. तुकडा दोन सूत सरकला तर शेजारच्याखाली लपतो, आणि खालचे थर उरेबला धरून ठेवतात. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच थरांवर तुकडे बसवत कडेकडून आत शिवत जाते. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज गोव्यात आणलेले आफ्रिकी. क्विल्टमध्ये मात्र वरचा पदर आधी स्वतंत्र जोडून पुरा करायचा असतो, मग तो थरांवर चढतो. तिथे एका चौकोनाची चूक शेवटच्या ओळीपर्यंत जाते.

घरात दोन रंगांचे सुती ब्लाउजपीस उरले असतील तर एवढं करून पाहा. कापड धुऊन, हलकी खळ देऊन इस्त्री करा. दोन्हींतून ३ इंच ७ सुतांचा एकेक चौकोन कापा. सुलट बाजू आत ठेवून वरच्यावर टेलरच्या खडूने कर्ण आखा. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारा आणि मगच रेघेवर कापा. शिवण आधी मिटलेलीच दाबा, मग माया गडद रंगाकडे वळवून इस्त्री वरून खाली टेकवा, घासू नका. पट्टी लावली की चौकोन साडेतीन इंच भरला पाहिजे. कमी भरला तर तुमची टीप पाव इंचाहून रुंद पडली आहे. ती दुरुस्त करूनच पुढचे चौकोन कापायला घ्या.