शेऱ्यामागचे मन

आम्हां मास्तरांच्या हजेरीपटात ‘शाळा सोडली’ हा शेरा जेमतेम अर्ध्या ओळीचा. कारण त्यात मावत नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात स्टुअर्ट पेटन हे मनोवैद्य नेमके त्या कारणाच्या मागे लागले. बुद्धीने मुळीच उणी नसलेली मुले मनाच्या व्यथेपायी मध्येच शिक्षण टाकून जातात, हे त्यांनी हेरले आणि १९१० साली तेथे विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी सल्ल्याची सोय सुरू केली. त्या देशात अशा कार्याचा आरंभ तिथूनच मानतात.

काळ कसला होता पाहा! येलचा पदवीधर क्लिफर्ड बिअर्स याने वेड्यांच्या इस्पितळांत स्वतः भोगलेले हाल १९०८ साली पुस्तकातून मांडले, तेव्हा लोक हादरले होते. अशा दिवसांत एखाद्या पोराने ‘डॉक्टर, जीव लागत नाही’ म्हणत दार लोटायचे म्हणजे थोडेथोडके धैर्य नव्हे. वाचकहो, मला पेटनसाहेबांहूनही त्या पहिल्या पोराचे कौतुक अधिक वाटते. त्याचे नाव मला ठाऊक नाही, आणि ते नसावेच. आतले बोलणे बाहेर जाणार नाही, या विश्वासावरच तर असले दार उघडे राहते.

पुढे १९२५ साली बिअर्सच्या येलमध्येही अशी सोय झाली.