दुखते म्हणून सिझेरियन? एका सांध्याची चारशे वर्षांची गोष्ट

आमच्या परिचयाच्या एक शिक्षिका आहेत. गेल्या वर्षी त्यांना आठवा महिना चालू असताना शाळेचा जिना चढणे नकोसे झाले. ओटीपोटाच्या अगदी खाली, पुढच्या हाडात कळ यायची. रात्री कूस बदलताना ती कळ मांडीत उतरायची. फळ्यापाशी एका पायावर भार देऊन उभे राहणेही जमेना. घरात दोन मते पडली. सासूबाई म्हणाल्या, "आम्हालाही दुखायचं, पण आम्ही कधी बोललो नाही." थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "सांधाच ढिला झालाय, मग कळा कशाला सोसायच्या? सिझेरियन करून मोकळी हो." बाईंनी आम्हाला विचारले, "तुम्ही संशोधन करता ना? मग यात खरे काय ते सांगा."

आम्ही विज्ञानाचे विद्यार्थी, डॉक्टर नव्हे. सल्ला देणे आमचे काम नव्हते. पण प्रश्न कुठून आला हे शोधणे आम्हाला जमण्यासारखे होते. शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की या एका सांध्यावरून चारशे वर्षे वाद झालेले आहेत आणि त्या वादांची किंमत बऱ्याच बायकांनी मोजलेली आहे.

हाडांचे कडे

आधी रचना पाहू. आपल्या कमरेखाली हाडांचे एक कडे असते. त्याला श्रोणी म्हणतात. दोन बाजूंना दोन नितंबास्थी आणि मागे पाठीच्या कण्याच्या टोकाकडचे त्रिकास्थी, अशी ही जुळणी आहे. मागे दोन सांधे असतात. पुढे, जिथे दोन्ही नितंबास्थी एकमेकींना भेटतात, तिथे एक सांधा असतो. हा पुढचा सांधा म्हणजे जघनसंधी. त्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची चकती असते आणि भोवती मजबूत अस्थिबंध असतात. एरवी दोन हाडांतील अंतर चार-पाच मिलिमीटर असते. गरोदरपणात ते आणखी दोन-तीन मिलिमीटरने वाढते. दहा मिलिमीटरच्या पुढे गेले तर सांधा प्रमाणाबाहेर फाकला असे मानतात.

बाळ याच कड्यातून बाहेर येते. म्हणून या कड्याबद्दल दोन प्रश्न निघतात. पहिला, वाट पुरेशी रुंद आहे का? दुसरा, कड्याचे सांधे पक्के आहेत का? हे दोन प्रश्न निराळे आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढच्या गोष्टीतील बराच घोटाळा त्यांची गल्लत झाल्याने झाला आहे.

हाडे सरकतात की नाही?

प्रसूतीच्या वेळी ही हाडे एकमेकींपासून दूर होतात, असा प्राचीन ग्रीक वैद्यांचा समज होता. १५४३ साली व्हेसेलियसचा शरीररचनेवरील ग्रंथ आला. प्रत्यक्ष विच्छेदनावर आधारलेल्या या ग्रंथानंतर तो समज मागे पडला. फ्रान्समधील नामवंत शल्यविशारद आंब्रोआझ पारे हाही हाडे सरकत नाहीत याच मताचा होता. १५७९ साली पॅरिसमध्ये, नुकत्याच बाळंत झालेल्या आणि नंतर फाशी दिल्या गेलेल्या एका स्त्रीच्या शवाचे विच्छेदन झाले. तिची जघनास्थी एकमेकींपासून सुटलेली दिसली. पारेने आपले मत बदलले आणि तसे लिहूनही ठेवले. विज्ञानाच्या इतिहासात चूक मोकळेपणाने कबूल करण्याची उदाहरणे तशी थोडीच, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

सांधा कापला तर?

पुढची दोनशे वर्षे 'अडलेली बाई' हा डॉक्टरांपुढचा सर्वांत अवघड प्रसंग राहिला. युरोपातील शहरांत मुडदूस फार होता. लहानपणी ऊन आणि ड जीवनसत्त्व न मिळाल्याने हाडे मऊ राहत, वाकत आणि श्रोणीची वाट अरुंद होई. पोट कापून बाळ काढणे माहीत होते. पण भूल नव्हती, जंतूंचे ज्ञान नव्हते, आणि गर्भाशयाला टाके न घालता ते तसेच सोडून देत. अशा शस्त्रक्रियेतून आई क्वचितच वाचे.

झाँ-रने सिगो या तरुणाने १७६८ साली एक कल्पना मांडली. वाट अरुंद असेल तर पुढचा सांधाच कापून कडे फाकवावे. शल्यविशारदांच्या राजसंस्थेने ती झिडकारली. १ ऑक्टोबर १७७७ च्या रात्री त्याने पॅरिसमध्ये मादाम सूशो या स्त्रीवर हा प्रयोग केला. मुडदुसाने तिची श्रोणी बिघडलेली होती आणि आधीची चार मुले मृत जन्मली होती. या वेळी बाळ जिवंत जन्मले आणि आईही जगली. पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने सिगोच्या सन्मानार्थ पदक पाडले. पदकाच्या गाजावाजात एक गोष्ट मागे पडली. सूशोबाईंना पुढे लघवीवर ताबा राहिला नाही आणि त्यांच्या चालण्यातही दोष राहिला.

झाँ-लुई बोदलोक या प्रसूतितज्ज्ञाने सिगोला कडाडून विरोध केला. श्रोणीची मापे घेण्यासाठी त्याने कंपासासारखे उपकरण वापरात आणले होते. इतके कापूनही वाट फारशी रुंदावत नाही, असे त्याचे म्हणणे होते. हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. श्रोणी गोल कडे आहे असे समजा. सांधा २.५ सेंटिमीटर फाकला, म्हणजे परिघ तेवढा वाढला. व्यास किती वाढेल? २.५ भागिले ३.१४, म्हणजे सुमारे ०.८ सेंटिमीटर. श्रोणी खरोखर गोल नसते, त्यामुळे हा ढोबळ अंदाज झाला. पण पुढे अडीच सेंटिमीटर उघडावे तेव्हा वाट एक सेंटिमीटरही रुंद होत नाही आणि सगळा ताण मागच्या दोन सांध्यांवर येतो, एवढे त्यातून नक्की कळते.

दुसरा रस्ता सुरक्षित होतो

एकोणिसाव्या शतकात पोट कापण्याचा रस्ता हळूहळू सुरक्षित झाला. १८४७ साली सिम्पसनने प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरले. १८६७ साली लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत प्रसिद्ध केली. १८७६ साली इटलीत पोरोने बाळ काढल्यावर गर्भाशयच काढून टाकून रक्तस्राव थांबवला. १८८२ साली जर्मनीत झेंगरने गर्भाशयाला काळजीपूर्वक टाके घालण्याची रीत दाखवली, त्यामुळे गर्भाशय राखता येऊ लागले. विसाव्या शतकात ग्लासगोच्या मन्रो कर याने गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागात आडवा छेद घेण्याचा पुरस्कार केला. पुढे प्रतिजैविके आली, रक्त देण्याची सोय झाली.

वाट मुळात अरुंद का होते, हेही कळू लागले. आपल्याकडे काश्मीरमध्ये काम करणाऱ्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले, की पडद्यात, बंद घरांत राहणाऱ्या बायकांची हाडे उन्हाअभावी मऊ होतात आणि श्रोणी चेपली जाते. उघड्यावर कष्ट करणाऱ्या बायकांना हा त्रास क्वचितच होई. म्हणजे त्या बायकांच्या 'अडण्या'चे मूळ त्यांच्या कोंडण्यात होते.

आता सांधा कापण्याची गरज उरायला नको होती. निदान सुसज्ज रुग्णालयांत तरी नाही. पण आयर्लंडमध्ये १९४० च्या दशकात ती पद्धत पुन्हा सुरू झाली आणि १९८० च्या दशकापर्यंत चालली. सुमारे दीड हजार बायकांचे सांधे असे कापले गेले. त्या देशात गर्भनिरोधनावर कायद्याने बंदी होती. सिझेरियन केले तर तीन-चार बाळंतपणांनंतर थांबावे लागेल. सांधा कापला तर वाट कायमची रुंद होईल आणि बाई पुढेही बाळंत होत राहील, असा डॉक्टरांचा हिशेब होता. बहुतेक बायकांना आपल्यावर काय केले जात आहे हे कुणी सांगितलेच नाही. अनेकींना जन्मभर चालताना वेदना झाल्या. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने या प्रकाराच्या चौकशीची मागणी केली आणि त्याच वर्षी आयरिश सरकारने भरपाईची योजना आणली. तोपर्यंत त्या बायका म्हाताऱ्या झाल्या होत्या.

वेदनेकडे उशिरा गेलेले लक्ष

इथवर सगळी चर्चा वाट अरुंद असण्याची झाली. आमच्या शिक्षिकाबाईंचा प्रश्न दुसरा होता. त्यांची वाट अरुंद असल्याचे कुणीच म्हटले नव्हते. त्यांचे सांधे दुखत होते.

या दुखण्याचे तपशीलवार वर्णन स्नेलिंग या अमेरिकन डॉक्टरने १८७० साली केले. अशा बायकांना चालताना आपले सांधे निखळल्यासारखे वाटतात, हे त्याने टिपले होते. १९२६ साली फ्रेडरिक हिसॉ याने गाभण गिनीपिगचे रक्तद्रव गाभण नसलेल्या माद्यांना टोचले, तेव्हा त्यांच्या जघनसंधीचे अस्थिबंध सैल झाले. त्यातूनच पुढे 'रिलॅक्सिन' हे संप्रेरक ओळखले गेले. गिनीपिगची पिल्ले जन्मतःच बरीच मोठी असतात, म्हणून मादीची श्रोणी खूप उघडावी लागते. माणसात मात्र गोष्ट इतकी सरळ नाही. रक्तात रिलॅक्सिन जास्त तर दुखणे जास्त, असा पक्का संबंध आढळलेला नाही. सांधा किती मिलिमीटर फाकला यावरूनही दुखणे ठरत नाही. कड्याचा तोल, स्नायूंची ताकद, आधीची दुखापत, कामाचा भार अशी अनेक कारणे एकत्र येतात.

गरोदरपणात साधारण पाचपैकी एका बाईला हा त्रास होतो. म्हणजे सासूबाईंचे एक म्हणणे खरे: हे नवे नाही. पण 'गप्प सहन कर' हे खरे नव्हे. कमरेचा पट्टा, योग्य व्यायाम, कूस बदलताना गुडघे जुळलेले ठेवणे, झोपताना गुडघ्यांत उशी घेणे, बसून कपडे घालणे, यांनी बऱ्याच जणींना आराम पडतो. मात्र सोबत ताप, रक्तस्राव किंवा लघवीला जळजळ असेल तर लगेच डॉक्टरांकडे जावे. ते दुखणे वेगळे असू शकते.

आणि जाऊबाईंचे म्हणणे? केवळ हे दुखणे हे सिझेरियनचे कारण ठरत नाही, असे आजचे प्रसूतिशास्त्र सांगते. २०१३ साली नॉर्वेतील दहा हजारांहून अधिक मातांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचे आधी ठरवून सिझेरियन झाले, त्यांच्यात प्रसूतीनंतर सहा महिन्यांनीही तीव्र दुखणे टिकून राहण्याचे प्रमाण उलट जास्त आढळले. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्यांना जास्त दुखत होते त्यांनीच सिझेरियन निवडले असेल, हेही शक्य आहे. पण सिझेरियनने सांधा वाचतो, या समजुतीला तिच्यातून आधार मिळत नाही. पोटावरचा छेद भरून यायला वेळ लागतो तो वेगळाच. अर्थात सांधा फार फाकला असेल, पूर्वी मोडला असेल किंवा बाळाची स्थिती अवघड असेल, तर हिशेब बदलतो. तेव्हा सिझेरियन हाच शहाणपणा ठरू शकतो.

आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. खाजगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. अशा वेळी 'करून मोकळी हो' हे वाक्य किती सहज निघत असेल, याचा विचार करावा.

कुणी ठरवायचे?

१७७७ च्या पॅरिसमध्ये आणि १९५० च्या डब्लिनमध्ये निर्णय डॉक्टरांनी घेतला. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मातेच्या बाजूने निकाल दिला. तिला मधुमेह होता, बांधा लहान होता आणि बाळाचे खांदे अडकण्याचा धोका तिला सांगितला गेला नव्हता. कळला असता तर तिने सिझेरियन मागितले असते. कोणता धोका महत्त्वाचा हे त्या बाईच्या नजरेतून पाहिले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

बाईंना आम्ही हे सारे सांगितले आणि पुढच्या तपासणीला न्यायला तीन प्रश्न एका कागदावर लिहून दिले. वाट अरुंद असल्याचे काही लक्षण आहे का? माझे गुडघे न दुखता किती अंतरापर्यंत फाकतात, ते मोजून केसपेपरवर लिहाल का? प्रसूतीच्या वेळी उताणे न झोपता कुशीवर झोपता येईल का? दुसऱ्या प्रश्नाला कारण आहे. कण्यात टोचून भूल दिली की वेदना कळत नाही, आणि गुडघे नकळत जास्त ताणले जाऊन सांध्याला इजा होऊ शकते. डॉक्टरांनी कागद वाचला, खरोखर टेप घेऊन अंतर मोजले आणि नोंदवले. बाई कुशीवर झोपून, नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या. दुखणे लगेच गेले नाही. तीन-चार महिने लागले.

गुडघ्यांचे ते माप घ्यायला अर्धा मिनिटही लागला नाही. टेप दवाखान्यात आधीपासून होतीच.