अंगणातली शाळा: बोर्डीचे शिंपले, गोंदियाचे चिंचोके

आजचा भाग एका फजितीपासून सुरू करतो. परवा गोंदियाला घरी गेलो होतो. ताईचा मुलगा, वय वर्षे साडेचार, नर्सरीचा होमवर्क करत होता. वहीत 1 ते 50, सुंदर अक्षरात. म्हटलं, बाळा, मला चार चिंचोके दे. त्यानं मूठभर दिले. पुन्हा म्हटलं, चारच. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पन्नासपर्यंत लिहिणाऱ्या मुलाला चार म्हणजे किती हेच ठाऊक नव्हतं!

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे याला म्हणतात, कोड पाठ आहे पण लॉजिक नाही. गंमत म्हणजे या प्रश्नाशी महाराष्ट्रात 1945 सालीच दोन बायका झुंजत होत्या: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाई मुंबईच्या पदवीधर, लग्नानंतर आपल्या वऱ्हाडात अमरावतीला राहिलेल्या. संसार मोडला, तशा लहान मुलीला घेऊन राजकोटला नोकरीला गेल्या आणि तिथून भावनगरला. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केलं होतं. गिजुभाई मूळचे वकील, पण माँटेसरी वाचून पुरते बदललेले. दोघांनी मिळून 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे ताराबाईंनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू केलं.

आता माँटेसरी पद्धत म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. रोममध्ये 1907 साली एका गरीब वस्तीतल्या मुलांसाठी ती सुरू झाली. मूल आधी हातानं शिकतं: लहानमोठं लावणं, जोड्या जुळवणं, वेगळं काढणं. खरबरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवत त्याचा आवाज म्हणायचा. वाचन त्यानंतर आपोआप येतं. पण झालं असं, की गरिबांसाठी निघालेली ही पद्धत आपल्याकडे येईपर्यंत महाग झाली. लाकडी ठोकळे, मणी, मिनारे, सगळं घडवून घ्यायचं. खेड्यात कोण घेणार?

ताराबाईंना हेच खटकत होतं. म्हणून 1945 मध्ये, वय पन्नाशी ओलांडल्यावर, त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई. अनुताई बालवयात लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवलेल्या.

बोर्डीत पहिला धक्का बसला तो असा, की बालवाडी उघडली तरी वस्तीतली मुलं येतच नव्हती. धाकट्या भावंडाला सांभाळायचं, गुरं राखायची, अंगावर धड कपडा नाही, शाळेत यायचं कसं? मग दोघींनी उलटा विचार केला. मुलं येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची. अंगणातली बालवाडी, म्हणजे अंगणवाडी. आधी नखं कापायची, आंघोळ घालायची, मग गाणी, गोष्टी. आणि साहित्य? समुद्रावरचे शिंपले, बिया, पानं, खडे. मणी विकत घ्यायची गरजच उरली नाही.

मला हा भाग फार आवडतो. शिंपल्यांचे ढीग लावताना मूल जे करतं ना, त्याला आम्ही सॉर्टिंग म्हणतो आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतो.

1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांजवळ. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, कुरणशाळा. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं. त्या 1973 मध्ये गेल्या, अनुताई पुढे जवळजवळ वीस वर्षं काम करत राहिल्या.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना आणली, 33 प्रकल्पांपासून. अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं. पण या योजनेत सहा सेवा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. सहात एक! वजन करा, आहार वाटा, रजिस्टर भरा. यातून सेविकाताईंनी शिंपले कधी मांडायचे? मी त्यांना दोष देत नाही. पण आईबापांना तिथे फक्त खिचडी दिसते आणि ते पोराला टायवाल्या नर्सरीत टाकतात. टाय बांधला की शिक्षण झालं, असं आपल्याकडे वाटतं.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक पेच आहे. देवरी-सालेकसाकडे घरात गोंडी, छत्तीसगढी. इकडे पोवारी, हिंदी, झाडीबोली. मूल अंगणवाडीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला परकीच. ज्या शब्दाचा अर्थ घरात ऐकलेला नाही, त्याचं अक्षर गिरवून काय वाचणार? आधी त्याच्याच बोलीत गोष्ट हवी. आणि साहित्याला तर इथे तोटाच नाही: मोहाच्या बिया, धानाच्या लोंब्या, तेंदूची पानं. उन्हाळ्यात आईबाप तेंदूपत्त्याची पुडकी बांधतात, पानं मोजून. मूल शेजारीच बसलेलं असतं.

2020 च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय. कागदावर तरी बोर्डीचं म्हणणं पोचलं, पंच्याहत्तर वर्षांनी.

तर भाच्याची गोष्ट. मी चिंचोके फरशीवर पसरले आणि म्हटलं, वेगळे कर. मला वाटलं लहानमोठे करेल. त्यानं बराच वेळ लावून दोन ढीग केले. दोन्हींत लहानमोठे सगळेच. मी म्हटलं, हे काय रे मामाला समजेना? तर म्हणाला, ‘हे चमकते, हे नाही चमकत.’ मग एकाशी एक लावून त्यानंच ठरवलं की चमकणारे दोन जास्त आहेत. वही तशीच उघडी पडली होती. ताई म्हणाली, उद्या मॅडम ओरडतील.