क्रोम उघडल्यावर भलतंच सर्च पेज येतंय? फॉर्मॅट मारण्याआधी हे तपासा

घरच्या कॉम्प्युटरवर क्रोम उघडलं की गुगलऐवजी कुठलंतरी अनोळखी सर्च पेज येतं. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन गुगल निवडता, सगळं ठीक होतं आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला की परत तेच पेज. मध्येच जाहिरातींचे टॅब आपोआप उघडतात. हे काम ज्या प्रोग्रामचं किंवा एक्स्टेंशनचं असतं, त्याला ब्राउजर हायजॅकर म्हणतात.

आमच्या शिक्रापूरला यावर ठरलेला उपाय म्हणजे मशीन दुकानात न्यायची आणि फॉर्मॅट मारून आणायची. तीन-चारशे रुपये जातात, दोन दिवस मशीन तिकडेच अडकते आणि डेस्कटॉपवर ठेवलेले फोटो, बहिणीचा प्रोजेक्ट, सातबाऱ्याची पीडीएफ हे सगळं कॉपी करायचं राहून जातं. एवढं करून घरी आल्यावर क्रोममध्ये आपल्या जीमेलने लॉगिन केलं की कधीकधी तो हायजॅकर पुन्हा हजर! दुकानदाराने फसवलं असं वाटतं, पण कारण वेगळं असतं. क्रोमचं सिंक चालू असेल तर एक्स्टेंशनची यादी तुमच्या गुगल खात्यात सेव्ह असते. विंडोज पुसलं तरी ती यादी तिथेच राहते. लॉगिन केलं की बुकमार्कसोबत नको असलेलं एक्स्टेंशनही परत येतं.

म्हणून फॉर्मॅटच्या आधी हायजॅकर नेमका कुठे चिकटलाय ते शोधायचं. चिकटण्याच्या जागा मोजक्याच आहेत आणि बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात काम होतं.

त्याला यातून काय मिळतं?

पैसे. तुम्ही सर्च केलंत की ते आधी हायजॅकरच्या साईटवरून फिरून जातं आणि मग याहू, बिंग किंवा तत्सम निकाल दिसतात. त्या प्रत्येक फेरीचे आणि जाहिरातीवरच्या क्लिकचे पैसे मधल्याला मिळतात. हा धंदा जुना आहे. एकेकाळी जावा इन्स्टॉल करताना आस्क टूलबारची टिक आधीच मारलेली असायची. ती न काढता 'नेक्स्ट, नेक्स्ट' केलं की टूलबार बसलाच. जून २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या टूलबारच्या जुन्या आवृत्त्यांना नको असलेलं सॉफ्टवेअर ठरवलं.

भारताचं नाव सगळ्यात वर आलं ते जून २०१७ मध्ये. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने 'फायरबॉल' नावाच्या हायजॅकरबद्दल अहवाल काढला. बीजिंगच्या राफोटेक या डिजिटल मार्केटिंग कंपनीकडे तिने बोट दाखवलं आणि जगभरात २५ कोटी कॉम्प्युटर बाधित असल्याचा अंदाज दिला. त्यातले सुमारे अडीच कोटी भारतातले होते, म्हणजे सर्व देशांत जास्त. मायक्रोसॉफ्टने लगेच हा आकडा फुगवलेला असल्याचं सांगितलं आणि चेक पॉइंटनेही नंतर तो बराच खाली आणला. आकड्याचा वाद बाजूला ठेवला तरी पद्धत लक्षात घ्या. फायरबॉल हॅकिंग करून शिरत नव्हता. लोक दुसरंच काहीतरी फुकटचं सॉफ्टवेअर स्वतः इन्स्टॉल करत होते आणि हा त्यासोबत येत होता.

खरा धोका जाहिरातींपेक्षा मोठा आहे. सर्च तिसऱ्याच माणसाच्या हातात असेल, तर 'बँक कस्टमर केअर' किंवा 'महाडीबीटी स्कॉलरशिप' टाकल्यावर वर कुठली साईट दिसेल हे तो ठरवतो. घरात आई किंवा आजोबा पहिल्याच लिंकवर क्लिक करणारे असतील, तर हे किती महागात जाऊ शकतं याचा विचार करा.

आपल्याकडे हा येतो कुठून?

इंग्रजी लेखांमध्ये गेम आणि टूलबारची उदाहरणं असतात. माझ्या पाहण्यात मराठी घरांतला मोठा रस्ता वेगळाच आहे, तो म्हणजे मराठी टायपिंग. ग्रामपंचायतीचा अर्ज, टायपिंग परीक्षेची तयारी, लग्नपत्रिकेचा मजकूर अशा कामासाठी कोणीतरी 'मराठी फॉन्ट फ्री डाऊनलोड' किंवा 'गुगल इनपुट टूल्स मराठी ऑफलाइन' असं शोधतं. गुगलने विंडोजसाठीचं ते ऑफलाइन सॉफ्टवेअर देणं कधीच बंद केलंय. त्यामुळे आता जे मिळतं ते तिसऱ्याच साईटवरचं, कोणी काय मिसळलंय याचा पत्ता नसलेलं. त्या पानावर डाऊनलोडची चार हिरवी बटणं असतात आणि त्यातली तीन जाहिराती असतात.

खरं तर याची गरजच उरलेली नाही. मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये टाईम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज, तिथे मराठी भाषा जोडा आणि तिच्या ऑप्शन्समध्ये 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड निवडा. इंग्रजी अक्षरांत टाईप करायचं, मराठी उमटतं. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. युनिकोड मराठीसाठी एवढं पुरतं.

दुसरा रस्ता म्हणजे विंडोज किंवा ऑफिस फुकटात चालू करणारे अ‍ॅक्टिव्हेटर. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं ही मंडळी स्वतःच सांगतात! काही दुकानांत फॉर्मॅट मारताना हेच टाकून देतात, म्हणजे एक दुखणं काढून दुसरं बसवलं. पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेटर आणि 'पीसी फास्ट करा' वाली सॉफ्टवेअर त्याच पंगतीतली.

काढायचं कसं

एक गोष्ट आधी. उपाय शोधायला तोच बाधित ब्राउजर वापरू नका. 'हायजॅकर रिमूव्हर' शोधलंत की तोच तुम्हाला नकली रिमूव्हर दाखवेल. हा लेख मोबाईलवर उघडा ठेवा आणि कॉम्प्युटरवर एकेक करत जा.

सुरुवात ब्राउजरपासून करू नका, विंडोजपासून करा. बरेच जण नेमकं उलटं करतात. ब्राउजर साफ करतात, पण त्याची सेटिंग बदलणारा प्रोग्राम विंडोजमध्ये तसाच असतो आणि रीस्टार्टनंतर तो आपलं काम पुन्हा करतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स (विंडोज १० मध्ये अ‍ॅप्स अँड फीचर्स) उघडा आणि यादी इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय काय आलंय ते बघा. हायजॅकर बहुधा एकटा येत नाही, एकाच तारखेला तीन-चार अनोळखी नावं दिसतात. ती काढा. काढताना 'खरंच काढायचं का' असं फिरवून फिरवून विचारतात आणि कधी 'ठेवा' हेच बटण मोठं असतं, तेव्हा वाचून क्लिक करा. इंटेल, रिअलटेक, एचपी, डेल अशी नावं हार्डवेअरची असतात, त्यांना हात लावू नका. नावाची शंका आली तर मोबाईलवर ते नाव शोधून बघा.

आता ब्राउजर. क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत एक्स्टेंशन्स उघडा आणि जे तुम्ही स्वतः टाकलं नाही ते रिमूव्ह करा. नुसतं बंद करून ठेवू नका. इथे सिंकचा मुद्दा पुन्हा येतो. सिंक चालू ठेवून एक्स्टेंशन काढलं तर काढल्याची नोंदही खात्यात जाते आणि पुढच्या लॉगिनला ते परत येत नाही. सिंक बंद असताना काढलं तर खात्यातली जुनी यादी तशीच राहते. त्याच खात्याने दुसऱ्या लॅपटॉपवर लॉगिन असेल तर तोही तपासा. मोबाईलच्या क्रोमवर एक्स्टेंशन चालत नाहीत, त्यामुळे ही भानगड फोनपर्यंत येत नाही.

मग सेटिंग्जमध्ये 'रीसेट सेटिंग्ज' करा. याने होमपेज, सर्च इंजिन आणि नवीन टॅब मूळ जागी येतात, एक्स्टेंशन बंद होतात आणि कुकीज जातात, म्हणजे साईटवर पुन्हा लॉगिन करावं लागेल. बुकमार्क, हिस्टरी आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत. एज आणि फायरफॉक्समध्येही अशीच सोय आहे. एकच ब्राउजर साफ करून थांबू नका. जुन्या व्हिडिओंमध्ये 'क्लीन अप कॉम्प्युटर' नावाचं क्रोमचं बटण दाखवतात. ते शोधत बसू नका, मार्च २०२३ मध्ये गुगलने ते काढून टाकलं.

एवढं करूनही क्रोम उघडताच तेच पेज येत असेल, तर डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. 'टार्गेट' या रकान्यातला मजकूर साधारणपणे क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरणचिन्ह इथे संपतो. त्यापुढे एखाद्या साईटचा पत्ता जोडलेला असेल, तर चोर तिथेच बसलाय. शॉर्टकट डिलीट करून नवीन बनवा. टास्कबारवर पिन केलेलं चिन्हही काढून पुन्हा पिन करा, कारण तो वेगळा शॉर्टकट असतो.

जाता जाता नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये प्रॉक्सी उघडून बघा. घरच्या कनेक्शनला सहसा मॅन्युअल प्रॉक्सी लागत नाही, तिथे तुम्ही न टाकलेला पत्ता असेल तर तो बंद करा.

शेवटी एक स्कॅन. मी यासाठी अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर वापरतो. ते फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही आणि नेमकं याच जातीच्या सॉफ्टवेअरसाठी बनवलंय. २०१६ पासून ते मालवेअरबाइट्स कंपनीचं आहे, तेव्हा त्यांच्याच साईटवरून घ्या. सरकारी पर्याय हवा असेल तर सर्ट-इनचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून चालू आहे. तिथे फुकट सफाईची टूल्स मिळतात, त्यात आपल्या पुण्याच्या क्विक हीलचंही एक आहे.

'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन'

हा प्रकार वेगळा लिहितोय, कारण इथेच लोक हात टेकतात आणि दुकान गाठतात. एक्स्टेंशनला रिमूव्हचं बटणच नसतं, सर्च इंजिन बदलता येत नाही आणि क्रोमच्या मेनूत तळाशी लिहिलेलं असतं की हा ब्राउजर तुमची संस्था सांभाळते. घरच्या कॉम्प्युटरला कुठली आलीय संस्था?

कंपन्यांना आपल्या कर्मचाऱ्यांच्या क्रोमवर नियम लावता यावेत म्हणून ही सोय आहे. रांजणगाव एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीच्या लॅपटॉपवर हे वाक्य दिसणं अगदी बरोबर आहे. हायजॅकर हीच सोय वापरतो. तो विंडोजच्या रजिस्ट्रीत एक पॉलिसी लिहून ठेवतो आणि क्रोमला वाटतं साहेबांचा हुकूम आहे. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी लावतात, म्हणून आधी बघा आणि मग काढा. अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं टाईप केलं की कोणते नियम लागू आहेत ते दिसतं. 'एक्स्टेंशन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' असं नाव दिसलं आणि त्यासमोर अनोळखी अक्षरांची ओळ असली, तर आपला पाहुणा सापडला.

तो काढायला स्टार्टमध्ये रजिस्ट्री एडिटर उघडा. एच-की लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गुगल या क्रमाने गेलात की क्रोम नावाचं फोल्डर दिसेल. आधी त्यावर राईट क्लिक करून 'एक्सपोर्ट' करा, म्हणजे चुकलं तर परत आणता येईल. मग फक्त ते क्रोमचं फोल्डर डिलीट करा. एच-की करंट यूझरमध्येही याच वाटेने तपासा. आजूबाजूचं काहीही काढू नका. ऑफिस किंवा कॉलेजने दिलेल्या लॅपटॉपवर यातलं काहीच करू नका, तिथले नियम खरे असतात. रजिस्ट्रीची भीती वाटत असेल तर आधी अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर चालवा, बऱ्याच वेळा अशा पॉलिसी तो स्वतःच पकडतो.

हायजॅकर नसतोच, तेव्हा

स्क्रीनच्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' असे चौकोन सारखे येत असतील, तर बहुतेक वेळा ती नुसती नोटिफिकेशन असतात. एखाद्या सिनेमाच्या किंवा मॅचच्या साईटवर 'मी रोबोट नाही, अलाऊ दाबा' असं म्हटलेलं असतं आणि घरात कोणीतरी अलाऊ दाबलेलं असतं. मोबाईलवरही अगदी हेच होतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साईट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा आणि परवानगी दिलेल्या अनोळखी साईट काढा. दोन मिनिटांचं काम. यासाठी फॉर्मॅट मारलेले कॉम्प्युटर मी पाहिलेत.

परत येऊ नये म्हणून

विंडोज सिक्युरिटीमध्ये अ‍ॅप अँड ब्राउजर कंट्रोल, त्यात रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन उघडा. तिथे 'पोटेन्शिअली अनवॉन्टेड अ‍ॅप ब्लॉकिंग' चालू आहे ना ते बघा. सोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरला अडवणारी हीच सेटिंग आहे आणि अ‍ॅक्टिव्हेटर वापरलेल्या मशीनवर ती बऱ्याचदा बंद सापडते. इन्स्टॉल करताना 'कस्टम' किंवा 'अ‍ॅडव्हान्स्ड' निवडा, जास्तीच्या टिक तिथेच लपलेल्या असतात.

एक्स्टेंशन क्रोम वेब स्टोअरवरचं आहे म्हणून कायम सुरक्षित असतं असं नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' हे २० लाखांहून जास्त लोकांचं आवडतं एक्स्टेंशन होतं. २०२० मध्ये मूळ मालकाने ते दुसऱ्याला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने मालवेअर म्हणून ते बंद केलं. वापरणाऱ्यांनी काहीच चूक केली नव्हती. एक्स्टेंशन जितकी कमी तितकं बरं, माझ्याकडे तीनच आहेत.

सरकारी कामाच्या साईट सर्च करून उघडण्यापेक्षा बुकमार्क करून ठेवा. महाडीबीटी आणि महाभूलेख यांचे पत्ते 'गव्ह डॉट इन' ने संपतात. सीईटी सेलचा पत्ता मात्र तसा नाही, त्यामुळे तो प्रवेशाच्या अधिकृत माहितीपत्रकातूनच घ्या.

हायजॅकर असतानाच्या काळात बँकेचा किंवा जीमेलचा पासवर्ड त्या मशीनवर टाकला असेल, तर तो मोबाईलवरून बदला. सफाई झाल्यावर नाही, आत्ताच. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या साईटवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेतच गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. आणि हा १९३० नंबरही त्या ब्राउजरवर शोधू नका, फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.