स्ट्रिंगचे विभाजन (शेल)

युनिक्स-लिनक्सच्या शेलमध्ये मजकुराचे विभाजक चिन्हापाशी तुकडे करून ते अ‍ॅरेत साठवण्याची क्रिया. कोलनने जोडलेले ‘पाथ’मधील मार्ग किंवा पासवर्ड फाइलमधील ओळीचे सात रकाने वेगळे करणे, ही तिची नेहमीची उदाहरणे. बॉर्न शेलमध्ये व्हेरिएबल म्हणजे स्ट्रिंगच असे. अ‍ॅरे त्याच्या वारसदारांत आला. आजच्या बहुतेक अडचणी या क्रमातून उद्भवल्या आहेत.

इतिहास : स्टीफन बॉर्न यांचा शेल बेल लॅब्जमधून सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर १९७९ मध्ये बाहेर पडला. विभाजक ठरवणारे ‘आयएफएस’ हे व्हेरिएबल त्यातलेच; स्पेस, टॅब आणि नवी ओळ ही त्याची मूळ किंमत अजून कायम आहे. बॉर्न शेल व्हेरिएबलमधून आलेल्या मजकुराबरोबरच स्क्रिप्टमध्ये थेट लिहिलेल्या शब्दांचेही आयएफएसनुसार तुकडे करी. त्यामुळे आयएफएसमध्ये तिरकी रेघ ठेवली की प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग फुटे, आणि रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमकडून भलतीच आज्ञा चालवून घेता येई. पुढच्या शेलांनी विभाजन केवळ विस्तारातून (म्हणजे व्हेरिएबलसारख्याच्या जागी त्याची किंमत बसून) आलेल्या मजकुरापुरते ठेवले आणि बाहेरून आलेली आयएफएसची किंमत सुरुवातीलाच रद्द केली. बॉर्न घराण्यात अ‍ॅरे आणला तो डेव्हिड कॉर्न यांच्या शेलने. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश १९८९ चा. त्यात अ‍ॅरे २.० आवृत्तीत (१९९६) आला. पॉझिक्स मानकात तो नाही.

नियम : आयएफएसमधील स्पेस, टॅब व नव्या ओळी सलग आल्या तर एकच विभाजक मानतात, कडेच्या गळतात. अल्पविराम, कोलन यांसारखे प्रत्येक चिन्ह मात्र स्वतंत्र मोजले जाते, म्हणून लागोपाठच्या दोन अल्पविरामांमध्ये रिकामा घटक मिळतो. मजकूर विभाजकानेच संपला, तर त्यापुढचा रिकामा घटक धरत नाहीत.

पद्धती : बॅशमध्ये ‘रीड’ आज्ञेला ‘आर’ व ‘ए’ हे पर्याय देतात आणि आयएफएसची नवी किंमत त्याच ओळीत आज्ञेच्या आधी लिहितात, तिचा परिणाम त्या आज्ञेपुरताच राहतो. ही आज्ञा एरवी पहिलीच ओळ वाचते. अनेक ओळींसाठी ‘मॅपफाइल’ (आवृत्ती ४.०, २००९) आहे, विभाजक निवडण्याची सोय तिला ४.४ मध्ये (२०१६) मिळाली. अवतरणाविना व्हेरिएबल कंसात टाकून अ‍ॅरे बनवणे सर्रास दिसते, पण ते धोक्याचे आहे : तुकडे पडल्यावर शेल त्यांतील तारांकन फाइलनावांनी बदलतो.

इतर शेल : झेडशेल अवतरणाविनाही आपोआप तुकडे करत नाही; त्यात अ‍ॅरेची मोजणी १ पासून, तर बॅशमध्ये ० पासून. डॅशमध्ये अ‍ॅरे नाही.

मर्यादा : अवतरणातील अल्पविराम या पद्धतींना ओळखता येत नाही. सीएसव्ही फाइलसाठी पायथनसारख्या भाषेतील तयार वाचक वापरावा.

नव्या स्क्रिप्टमध्ये आयएफएस एका आज्ञेपुरतेच बदलावे आणि अ‍ॅरेचे घटक पुढे देताना दुहेरी अवतरण कधीही गाळू नये.